ढुंढीमामांचं पोट

काशीतल्या मराठी घरांत ढुंढीमामांच्या पोटाला मान होता. हसू नका, खरंच होता. मामांचं डोकंही काही कमी नव्हतं, अख्खा श्राद्धविधी पोथी न उघडता सांगायचे. पण श्राद्धाला बोलावताना माणसं नुसतं डोकं बघत नाहीत. पितरांच्या जागी पाटावर बसवायचा ब्राह्मण कसा हवा? मंत्र जाणणारा हवा, सोवळं पाळणारा हवा आणि जेवणारा हवा. 'नको नको' म्हणत पानातलं चिवडणारा बसवला की यजमानाला रुखरुख लागते, आपले वडील तिकडे अर्धपोटी उठले की काय! मामा पाटावर बसले की ही रुखरुख कुणाला लागली नाही. खीर म्हणा, भरड्याचे वडे म्हणा, लाडू म्हणा, वाढणारा दमायचा, मामा दमायचे नाहीत.

आणि हेच पोट मामांना खाणार होतं, हे त्यांच्या भाचीला पक्कं ठाऊक होतं.

भाचीचं नाव वैदेही. शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात ती लठ्ठपणा आणि मधुमेहावर संशोधन करायची. पोटाची शस्त्रक्रिया करून जठराचा मोठा भाग काढून टाकतात, केळ्याएवढी नळी उरते. माणूस थोडक्यात भागवायला लागतो, वजन उतरतं, ते ठीक. पण कित्येकांचा मधुमेहही त्यासोबत चालता होतो. का होतो, कुणाचा होतो, किती वर्षं दूर राहतो, हा वैदेहीचा विषय. कापायचं काम रत्नाकर सरांचं, आणि कापलेल्या माणसाच्या मागे पुढची पाच वर्षं हात धुऊन लागायचं काम वैदेहीचं.

विषय तिनं हौसेनं घेतला नव्हता. तिची आई कालिंदी, म्हणजे मामांची सख्खी धाकटी बहीण, साखरेनंच गेली. आधी डोळे गेले, मग मूत्रपिंडं, आणि शेवटी शेवटी ती नुसती सुजून पडलेली असायची. वैदेही तेव्हा शाळेत होती. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यांनी तिला उचलून मुन्शी घाटामागच्या गल्लीतल्या आपल्या दोन खोल्यांत आणलं, शिकवलं, डॉक्टर केलं. आता तीच साखर मामांच्या अंगात होती. वजन सव्वाशेच्या वर, दिवसाला तीन वेळा सुई, आणि पायाच्या अंगठ्याला झालेली जखम दिवाळीपासून भरत नव्हती. आईच्या वेळी हातात काही नव्हतं. आता तर हातात सगळं होतं. मामांना वाचवायचंच, असं तिनं मनाशी घेतलं होतं, आणि वैदेहीनं मनाशी घेतलं की ब्रह्मदेवाचीही सुटका नाही.

वर्षभर ती मागे लागली. मामी, म्हणजे शरदिनीमामी, पहिल्या दिवसापासून विरुद्ध.

"जेवण्यावर ज्याचं पोट, त्याचंच पोट कापायचं? कुठलं शहाणपण गं हे?"

"मामी, पाय कापायची पाळी येईल. मग पाटावर मांडी तरी घालता येणार आहे का?"

"अगं पण हे जेवणार कसे?"

"सहा वेळा जेवतील. थोडं थोडं. वाटी वाटी."

"सहा वेळा!" मामी कपाळाला हात लावून म्हणाली, "श्राद्धाचं जेवलेल्या माणसाला त्या दिवशी पुन्हा अन्न चालत नाही. एवढी या घरात वाढलीस, माहीत नाही तुला?"

माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि मनावर घेणं वेगळं. वैदेही म्हणाली, "मग मामांनी पाटावर बसायचं बंद करायचं. मंत्र सांगावेत, विधी चालवावा, जेवायला दुसरा कुणी बसवावा." दुसरा कुणी आणायचा कुठून, ते काही ती बोलली नाही. मराठी भिक्षुकांची पोरं पुण्याला, बंगळूरला निघून गेली होती. जी राहिली त्यांनी हॉटेलं काढली, गाईड झाली. श्राद्धाला बसणारे उरले होते चार म्हातारे, त्यातल्या दोघांना दात नव्हते.

शेवटी मामांनीच तोड काढली. "वैदेही म्हणते तर करून टाकू. कालिंदीला आपण उशिरा नेलं," एवढंच ते म्हणाले, आणि मामी त्यांचे कपडे पिशवीत भरायला उठली.

माघात शस्त्रक्रिया झाली, आणि काय सांगायचं, दृष्ट लागावी अशी झाली! होळीपर्यंत सुई बंद. चैत्रात गोळ्याही बंद. अंगठ्याची जखम भरली. मामा दशाश्वमेधाच्या पायऱ्या मधे न थांबता चढायला लागले, आणि वर पोचून खाली दमलेल्या यात्रेकरूंना हाका मारायला लागले. वाटीभर खिचडी अर्धा तास चावून खायचे, मामी सकाळी हातावर ठेवील ती जीवनसत्त्वाची गोळी निमूट घ्यायचे. दर महिन्याला तपासायला आले की वैदेही तिचे ठरलेले प्रश्न विचारायची आणि उत्तरं संगणकात भरायची. चक्कर? नाही. पोटात दुखतं? नाही. उलटी? नाही. रत्नाकर सर भलतेच खूश. "मैडम, आपके मामाजी तो हमारे हीरो हैं," म्हणायचे. दिल्लीच्या परिषदेत दाखवायच्या निकालांत मामांचा आलेख तिनं सगळ्यांत वर ठेवला.

इथपर्यंत सगळं खरंच चांगलं होतं. मग भाद्रपद आला.

पितृपक्ष लागायच्या आधी वैदेहीनं मामांकडून वचन घेतलं, यंदा कुणाच्या पाटावर बसायचं नाही. मामांनी दिलंही. ते खोटं नव्हते बोलत; देताना त्यांना तसंच वाटत होतं. पण दुसऱ्याच दिवशी गोपीनाथ दारात आला. हा बँकेतला साहेब, नागपूरहून बदलून आलेला. त्याचे वडील गेल्या साली इथेच गेले. तो उंबऱ्यात उभा राहून लहान मुलासारखा रडला. "काशीत राहून माझ्या वडिलांना ब्राह्मण मिळू नये का हो मामा? मी कुणाकुणाकडे गेलो नाही!"

आता यावर काय बोलणार? मामा बसले.

खरी गोम इथे आहे, म्हणून नीट सांगते. मामांना वाटलं, चार घास खाऊन उठू. पण श्राद्धात ब्राह्मण मौनानं जेवतो, पुरे म्हणता येत नाही, नुसता हात आडवा धरायचा. आणि आडवा धरलेला हात बघून गोपीनाथच्या बायकोचे डोळे भरून आले. ढुंढीमामा पानावरून लवकर उठले म्हणजे सासऱ्यांना काहीतरी कमी पडलं! मामांना ते बघवेना. त्यांनी हात मागे घेतला आणि पूर्वीसारखे जेवले. केळ्याएवढ्या पोटात ते राहणार किती वेळ? दक्षिणा घेऊन, आशीर्वाद देऊन ते तडक घाटावरच्या सार्वजनिक शौचालयात गेले आणि सगळं ओकले. मग गंगेत बुडी मारून घरी आले.

आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. सांगणार कसे? शास्त्रानं स्पष्ट सांगितलंय, श्राद्धाचं अन्न ब्राह्मणाच्या पोटातून उलटलं तर श्राद्धाला विघ्न आलं, ते पुन्हा करावं लागतं. मामांनी तोंड उघडलं असतं तर गोपीनाथचे वडील उपाशी ठरले असते. म्हणून मामांनी तोंड मिटलं.

गोपीनाथकडे बसले म्हटल्यावर मग दुसऱ्या दिवशी बंगाली टोल्यातले आले, तिसऱ्या दिवशी पंचगंगा घाटावरचे आले. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं? रोज एक घर. सकाळपासून निराहार, दुपारी जेवण, मग उलटी, मग बुडी, आणि त्यानंतर उद्या दुपारपर्यंत पोटात काही नाही, कारण पुनर्भोजन निषिद्ध. सकाळची गोळीही बंद, कारण जेवणापर्यंतच्या निराहारात ती चालत नाही आणि जेवणानंतर दुसरं काहीच चालत नाही. सहा वाट्यांचा हिशेब कुठल्या कुठे गेला. मामीला दिसत होतं की हे दुपारचे दुसऱ्यांदा अंघोळ करून येतात. तिला वाटलं, म्हातारपणी सोवळं वाढलंय.

नवमीला वैदेही दिल्लीहून परतली ती सरळ घरी आली. मामा पाटावर बसतायत हे कळल्यावर ती भडकली, अद्वातद्वा बोलली.

"उलटी होते का? खरं सांगा."

"नाही गं."

"माझ्या गळ्याची शपथ?"

"शपथा कसल्या घालतेस गं, डॉक्टर असून!" मामा हसले. चेहरा उतरला होता, पण वजन उतरणाऱ्याचा चेहरा उतरतोच. तिनं बोटाला टोचून साखर पाहिली. उत्तम. साखर उत्तम आहे म्हटल्यावर तिला धीर आला. या बाईचं सगळं शिक्षण, सगळी हुशारी त्या एका आकड्याभोवती फिरत होती, आणि आकडा चांगला होता. ती मामीला "लक्ष ठेव" म्हणून परत गेली.

सर्वपित्री अमावास्येला दुपारी गोपीनाथचा फोन आला. वडिलांचं तिथीचं श्राद्ध झालं होतं, आज सगळ्या पितरांचं, तेही त्याच्याकडेच होतं. मामा संकल्प सांगता सांगता अडखळले, गोपीनाथच्या वडिलांऐवजी स्वतःच्याच वडिलांचं नाव घेतलं, मग गोत्र चुकलं. उठायला गेले तर दारुड्यासारखे झोकांड्या खायला लागले. घाम सुटलाय, काहीतरी भलतंच बोलतायत.

"साखर उतरली असणार!" वैदेही फोनवर ओरडली. "उपाशी बसले असतील सकाळपासून. जवळच्या नर्सिंग होमला न्या, ग्लुकोजची बाटली लावायला सांगा. थांबू नका, मी निघाले!"

गोपीनाथ बिचारा आज्ञाधारक. त्यानं तसंच केलं. अमावास्येच्या गर्दीत गोदौलियाला सगळा रस्ता तुंबलेला. वैदेही अर्धी रिक्षानं, अर्धी धावत पोचली तोवर बाटली संपून दुसरी चढत होती. नर्सनं चिठ्ठी पुढे केली. बाटली लावायच्या आधी साखर मोजली होती. ब्याण्णव. म्हणजे साखर उतरलीच नव्हती.

तिनं मामांच्या डोळ्यांकडे पाहिलं. बुबुळं ठरत नव्हती, झटके देत आडवी पळत होती.

आणि वैदेहीला सगळं उमगलं. थायमिन. साधं एक जीवनसत्त्व, कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर माणूस ओकत राहिला की शरीरातलं थायमिन आटतं, आणि आटलेल्या शरीरात ते न देता ग्लुकोज ओतलं की मेंदूत उरलंसुरलं तेही जळून जातं. पहिलं थायमिन, मग ग्लुकोज, हे तिनं स्वतः दरवर्षी नव्या मुलांना शिकवलं होतं. तिनं धावत जाऊन बाटली बंद केली, इंजेक्शनं मागवली, स्वतः टोचली.

संध्याकाळी मामा जरा भानावर आले. तिला ओळखलं. जवळ बोलावून कानात म्हणाले, "वैदेही, वांती व्हायची गं रोज. कुणाला सांगू नकोस. सगळ्यांची श्राद्धं मोडतील."

"मामा, मी विचारत होते ना! शपथ घातली होती ना!"

"तू विचारायचीस, पण ते यंत्रात घालायचीस ना," मामा म्हणाले. "यंत्रात गेलं म्हणजे चार जणांना कळणार. मग मी त्या सगळ्या घरांना काय तोंड दाखवू?"

ती ढसाढसा रडली. मामा तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. घडलेलं आठवून त्यांनी बोललेलं ते शेवटचं बोलणं.

डोळे चार दिवसांत ठरले. पाय महिन्याभरात ठरले, काठी घेऊन चालू लागले. डोकं मात्र ठरलं नाही. गेली दोन वर्षं मामांच्या डोक्यातून पुसली गेली, आणि नवं काही त्यात राहीना. आता बोललेलं घटकाभरात विसरायचे. मंत्र होते, पण सुटे सुटे, माळ तुटून मणी घरभर व्हावेत तसे. तर्पण सांगायला बसले की लग्नातल्या मंगलाष्टकात शिरायचे, आणि स्वतःशीच थबकून मामीकडे बघायचे. मामीला ते बघणं सहन होत नसे. ती उठून आत जायची.

वैदेहीनं जे जे करता येईल ते केलं. मोठमोठ्या डॉक्टरांना फोन लावले, चेन्नईपर्यंत रिपोर्ट पाठवले, इंजेक्शनं महिनोन्महिने चालू ठेवली. सगळ्यांनी एकच सांगितलं, जे परत यायचं ते आलं. तिनं आपल्या पाहणीत झालेलं सगळं लिहिलं, स्वतः फोनवर काय सांगितलं तेही लिहिलं. रत्नाकर सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी ते वाचलं, बराच वेळ चष्मा पुसला आणि म्हणाले, "लिखना तो पड़ेगा. लेकिन मैडम, डायबिटीज़ तो गया न? उस कॉलम में वो सफल ही गिने जाएँगे."

तेही खरंच होतं. वजन बहात्तर, साखर औषधाशिवाय ठणठणीत. पाहणीचा प्रश्न साखरेचा होता, आणि साखरेच्या रकान्यात ढुंढीमामा पहिल्या नंबरानं पास झाले. गुंतागुंतीच्या तक्त्यात तळाशी एक ओळ आली, 'मज्जासंस्थेचे विकार: एक'. आता नव्या रुग्णाला वैदेही आधी विचारते, पोटासाठी काय करता, कुणाच्या घरी जेवता, कुठल्या दिवशी उपास करता. रुग्ण म्हणतात, डॉक्टरबाई भलत्याच चौकश्या करतात. ती उत्तरं ऐकते, सही करते, आणि माणसं रांगेनं शस्त्रक्रियेला आत जात राहतात. त्यांतले बहुतेक बरे होतात. तिला त्याचा आनंद होत नाही.

रविवारी ती गल्लीत जाते. मामा खाटेवर बसलेले असतात, अंगावरची कातडी सैल, धोतर दोनदा गुंडाळलेलं. तिला बघून त्यांचा चेहरा खुलतो. तिला ते विसरलेले नाहीत, तेवढं देवानं ठेवलंय. ठेवलं नसतं तर बरं, असंही तिला कधीकधी वाटतं.

कारण मामा दर रविवारी तेच बोलतात. त्यांच्या लेखी ती ऑपरेशनसाठी अजून मागे लागलेली आहे, आणि त्यांचं अजून काही ठरलेलं नाही.

पहिल्यांदा तिनं खरं सांगितलं होतं. मामा, ऑपरेशन झालं, वर्ष होत आलं. मामांनी सदरा वर करून पोटावरचे व्रण पाहिले आणि घाबरून पोराटोरासारखे रडले. "माझ्या पोटाला काय केलंत? आता मला पाटावर कोण बसवणार?" मामी धावत आली, तिनं पदरानं त्यांचे डोळे पुसले. पाव तासानं ते सगळं विसरले आणि पुन्हा तेच विचारायला लागले. तेव्हापासून वैदेहीनं खरं सांगायचं सोडलं. कधी ती "बघू" म्हणायची, कधी विषय बदलायची, कधी सरळ उठून निघून यायची आणि घाटावर बसून राहायची.

परवाच्या रविवारीही ती गेली. मामी आत वरण उकळत होती. मामांनी तिला खाटेवर जवळ बसवून घेतलं.

"वैदेही, ते तुझं पोटाचं ऑपरेशन," मामा आवाज खाली आणून म्हणाले. "तुझी मामी नको म्हणते. मला कळत नाही बघ. तू शिकलेली, तू सांग. तू म्हणशील ते मी करीन."

वैदेहीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते खरोखर वाट बघत होते, पूर्ण विश्वासानं, डोळे तिच्यावर लावून. आणि यावेळी तिला काही टाळता येईना.

"नको करू या, मामा," ती म्हणाली. "नकोच."

"नको?" मामांनी मोठा सुस्कारा सोडला, त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. "बाई गं, बरं झालं! मला मनातून भीतीच वाटत होती, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." मग ते स्वयंपाकघराकडे वळून मोठ्यानं, आनंदानं म्हणाले, "अगं ऐकलंस का? वैदेही नको म्हणते!"

आत पळी भांड्यावर आपटली.

"हो," मामी आतूनच म्हणाली. "आता म्हणते."